हुकूम, विनंती आणि सूचना

कोणत्याही महाविद्यालयाच्या व्हरांड्यात दोन वस्तू हमखास आढळतात. एक काचेच्या दारांचा सूचनाफलक आणि दुसरी कुलूप लावलेली सूचनापेटी. फलकावरील सूचना वरून खाली येते : ‘सर्व विद्यार्थ्यांनी दिलेल्या मुदतीत शुल्क भरावे.’ पेटीतील सूचना खालून वर जाते : ‘वाचनालय सायंकाळी सातपर्यंत उघडे ठेवावे.’ शब्द दोन्हींकडे एकच, सूचना. क्रियापदाचे रूपही एकच, विध्यर्थाचे. परंतु फलकावरच्या ‘भरावे’चा अर्थ ‘भराच’ असा असतो आणि पेटीतल्या ‘ठेवावे’चा अर्थ ‘ठेवलेत तर उपकार होतील’ असा. एक हुकूम, दुसरी विनंती. या दोहोंच्या मध्ये आणखी एक जागा आहे. तेथे एक माणूस दुसऱ्या माणसापुढे बरोबरीच्या नात्याने एखादा विचार ठेवतो. तो घ्यायचा की नाही हे ऐकणाऱ्यावर सोडतो. मात्र विचार ठेवताना हातही जोडत नाही. इंग्रजीत ज्याला सजेशन म्हणतात ते या मधल्या जागेतले आहे. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडील विद्यार्थी इंग्रजी लिहावयास बसला की त्याची हीच जागा हुकते, असे माझे मत आहे. ती का हुकते आणि हुकल्याने काय बिघडते, हे मांडण्यासाठी हा लेखप्रपंच.

शाळेत सूचनेशी आपली पहिली गाठ पडते ती वाक्यरूपांतराच्या धड्यात. रेन आणि मार्टिन या जोडगोळीच्या जाड पुस्तकातून किती पिढ्यांनी तो धडा गिरवला असेल! ‘ही सेड, लेट अस गो होम’ याचे ‘ही सजेस्टेड दॅट दे शुड गो होम’ असे करावयाचे, की पदरात एक गुण पडला. पण घरी जाण्याची सूचना त्या ‘ही’ने कोणाला केली? मित्राला, की मामलेदाराला? दोघांनाही तो ‘लेट अस’ म्हणेल काय? हे धड्यात नसते. त्यामुळे सूचनेचे रूपांतर येते, सूचना येत नाही.

आता ‘सजेस्ट’ या क्रियापदाचा स्वभाव पाहू. मराठीत ‘मला एखादे पुस्तक सुचवा’ हे शुद्ध आहे, म्हणून आपला विद्यार्थी सहजच ‘सजेस्ट मी अ बुक’ म्हणतो. ‘सरांनी मला जायला सुचवले’ याचे तो ‘सर सजेस्टेड मी टू गो’ करतो. दोन्ही ठिकाणी तांबडी रेघ ओढली जाते आणि कारण विचारले तर ‘तो अपवाद आहे, पाठ करा’ असे उत्तर मिळते. माझ्यापुरते याचे कारण मी असे लावले आहे. ऑर्डर, रिक्वेस्ट, अॅडव्हाइज या क्रियापदांचे कर्म माणूस असतो. हुकूम माणसाला सोडतात, विनंती माणसाला करतात, सल्ला माणसाला देतात, आणि पुढे ‘टू गो’ जोडून त्याला कामाला लावतात. सजेस्टचे कर्म मात्र विचार. ‘सजेस्ट अ बुक टू मी’ यात आधी पुस्तक येते, माणूस मागून येतो, आणि तोही ‘टू’च्या अंतरावर उभा राहून. ‘सजेस्ट गोइंग’ किंवा ‘सजेस्ट दॅट ही गो’ असे म्हणताना कोणी कोणाला ढकलत नाही. व्याकरणाच्या एवढ्याशा अडचणीत सूचनेचे सारे मर्म आले आहे, असे मला वाटते.

‘सजेस्ट दॅट ही गो.’ येथे ‘गोज’ का नाही? हा प्रश्न वर्गात दरवर्षी निघतो. मराठीच्या तासाला लक्ष देणाऱ्याला त्याचे उत्तर आधीच ठाऊक असते. ‘तो जातो’ हा स्वार्थ. घडते ते सांगितले. ‘त्याने जावे’ हा विध्यर्थ. घडावेसे वाटते ते सांगितले. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ सालचे आणि मोरो केशव दामल्यांचे १९११ सालचे; क्रियापदाच्या अर्थांचा हा विचार आपल्याकडे इतका जुना आहे. इंग्रजीत विध्यर्थाचे वेगळे रूप जवळजवळ झिजून गेले. उरली ती एक खूण, शेवटचा ‘एस’ गाळण्याची. अमेरिकन लोक ती अजून नेमाने पाळतात, ब्रिटिश बहुधा ‘शुड’ घालून काम भागवतात. मराठी विद्यार्थ्याला ‘त्याने जावे’ची आठवण करून दिली तर हा नियम एका मिनिटात समजतो. पण इंग्रजीच्या तासाला मराठीचे नाव काढणे अजूनही विटाळासारखे मानले जाते, त्याला कोण काय करणार?

हा ‘एस’ क्षुल्लक आहे असे कोणी म्हणेल. आपल्या जिल्ह्यांतले एक वाक्य घेऊ. ‘द रिपोर्ट सजेस्ट्स दॅट द टायगर लीव्ह्ज द फॉरेस्ट’ म्हणजे वाघ जंगलाबाहेर पडतो असे अहवालावरून दिसते. ‘लीव्ह्ज’च्या जागी ‘लीव्ह’ घातले की अर्थ झाला, वाघाने जंगल सोडावे असे अहवाल सुचवतो! सजेस्टला दोन अर्थ आहेत, ‘दर्शवणे’ आणि ‘सुचवणे’. पाऊलखुणा दर्शवतात, माणूस सुचवतो. आता वाघाऐवजी गावकरी घाला : ‘द रिपोर्ट सजेस्ट्स दॅट द व्हिलेजर्स लीव्ह द फॉरेस्ट.’ अनेकवचनात ‘एस’ची खूण मुळातच नाही, म्हणून हे वाक्य दोन्हीकडून वाचता येते. गावकरी जंगल सोडतात की गावकऱ्यांनी जंगल सोडावे? एकात पाहणी आहे, दुसऱ्यात विस्थापन आहे. ताडोबाच्या पोटातील बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावे हलवली गेली, हे आपण सर्व जाणतो. तो निर्णय बरा की वाईट, हा या लेखाचा विषय नव्हे. परंतु ज्या मुलखात असल्या वाक्यावर एखाद्या गावाचे बिऱ्हाड उठू शकते, तेथल्या पदवीधराला या वाक्याचे दोन अर्थ दिसलेच पाहिजेत. मराठीत हा घोटाळा होऊच शकत नाही. ‘सोडतात’ आणि ‘सोडावे’ यांत कोणीही गफलत करणार नाही.

व्याकरणाकडून आता रीतीकडे वळू. आपल्या विध्यर्थाची झोळी फार मोठी. ‘मुलांनी खरे बोलावे’ हे कर्तव्य, ‘देवाने सुखी ठेवावे’ ही इच्छा, ‘अर्ज मंजूर करावा’ ही विनंती, ‘आज पाऊस यावा’ ही शक्यता, आणि फलकावरचे ‘शुल्क भरावे’ हा हुकूम. एवढ्या सगळ्यांसाठी आपण इंग्रजीचा एकच शब्द पाठ केलेला असतो, शुड. म्हणून ‘वर्गातील पंखा दुरुस्त करावा’ या साध्या अर्जाचे ‘यू शुड रिपेअर द फॅन’ होते. लिहिणाऱ्याने मराठीत मान खाली घातलेली असते. वाचणाऱ्याला इंग्रजीत बोट रोखलेले दिसते. माझ्या ओळखीच्या एका पदवीधराने नोकरीच्या मुलाखतीत ‘यू शुड टेक मी’ असे म्हटले. त्याच्या मनात ‘मला घ्यावे’ होते. पुढे काय झाले ते सांगावयास नको.

एकदा असा उद्धटपणाचा ठपका आला की आपण घाबरून दुसऱ्या टोकाला पळतो. ‘आय मोस्ट हंबली बेग टू सजेस्ट’, ‘काइंडली डू द नीडफुल’. चांदा जिल्हा १८५४ साली इंग्रजांकडे गेला, त्यानंतरच्या कचेऱ्यांत ‘युअर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट’ या सहीखाली अर्ज लिहिले गेले. साहेब गेला, १९६४ मध्ये चांद्याचे चंद्रपूर झाले, पण अर्जातील तो सर्व्हंट काही जागचा हलला नाही. मला या नम्रतेचा राग येतो तो ती नम्र आहे म्हणून नव्हे. ती कारण देत नाही, म्हणून. हंबली बेग केल्यावर कारण द्यावयाची गरजच उरत नाही. सारा भार समोरच्याच्या दयेवर. सूचनेला ‘बिकॉज’ लागतो. आपल्या अर्जांतून ‘काइंडली’ मोजा आणि ‘बिकॉज’ मोजा, हिशेब लगेच कळेल.

इंग्रज माणूस या मधल्या जागेवर कसा उभा राहतो? तो क्रियापद भूतकाळात ढकलतो. कॅन ऐवजी कुड, मे ऐवजी माइट, ‘आय वंडर’ ऐवजी ‘आय वॉज वंडरिंग’. काळ मागे सरकला की बोलणाराही एक पाऊल मागे सरकतो आणि ऐकणाऱ्याला ‘नाही’ म्हणावयास जागा होते. आपली मुले याला साहेबी नखरा समजतात. पण गोल बाजारातल्या दुकानदाराने ‘काय पाहिजे होतं?’ असे विचारले तर आपण ‘कधी?’ असे म्हणतो काय? ‘मी म्हणत होतो, उद्या गेलो तर?’, ‘सर, एक विचारायचं होतं’, ही वाक्ये आपण दिवसातून दहा वेळा बोलतो. ‘मी म्हणत होतो’ हेच तर ‘आय वॉज थिंकिंग’. ‘गेलो तर?’ हेच ‘व्हॉट इफ वुई वेंट’. दोन्हीकडे उद्याची गोष्ट आणि क्रियापद भूतकाळी. ही चाल घरातच आहे. इंग्रजीच्या तासाला ती कोणी ओळखून दाखवत नाही, इतकेच.

उलट काही ठिकाणी घरची चाल फसवते. ‘व्हाय डोन्ट यू सिट हिअर?’ ही इंग्रजीत अगत्याची सूचना आहे. मराठीत ‘तुम्ही येथे का बसत नाही?’ ही हजेरी घेणे झाले. बाहेरून आलेल्या एका पाहुण्या वक्त्याने आमच्यातील एकाला हे वाक्य म्हटले, तर तो बिचारा उभ्या उभ्या न बसण्याची कारणे सांगू लागला. ‘यू हॅड बेटर’चेही तसेच. त्यात बेटर आहे म्हणून मुले ते गोड समजून प्राचार्यांच्या अर्जातही घालतात. वास्तविक ते आपल्या ‘गप्प बसलेलं बरं’ या वळणाचे आहे. ऐकले नाही तर पुढे काही वाईट होईल, अशी धमकी त्यात दडलेली असते.

‘लेट अस’ची गंमत तर खास आपल्यासाठीच आहे. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ वेगळे. सिरोंच्याकडील तेलुगू बोलणाऱ्या मित्रांनाही हा भेद नवा नाही, त्यांच्याकडे ‘मनम’ आणि ‘मेमु’ आहे. इंग्रजीचा ‘वुई’ मात्र दोघांनाही एकाच पोत्यात भरतो. म्हणून ‘सर, लेट अस गो टू ताडोबा’ या वाक्याचे दोन अर्थ होतात : सर, आपण सारे ताडोबाला जाऊ या, आणि सर, आम्हाला ताडोबाला जाऊ द्या. पहिली सूचना, दुसरी परवानगीची याचना. सहलीला सर येणार की नाहीत, हे या वाक्यावरून कळत नाही. ‘लेट्स’ असे जोडून म्हटले की फक्त पहिला अर्थ उरतो. ‘-ऊ या’ आणि ‘-ऊ द्या’ यांतला फरक ज्याला आईच्या मांडीवर कळला, त्याला हा फरक शिकवण्यास किती वेळ लागावा?

मुळात आपल्याकडे अदब नात्यात असते. ‘मामा, जरा सरकता का?’ एवढे म्हटले की एस.टी.त जागा होते. कृपया लागत नाही. इंग्रजीत अनोळखी माणसाला मामा म्हणता येत नाही, म्हणून ती अदब क्रियापदाच्या अंगावर चढते. हे एकदा ध्यानात आले की कुड-माइट-वुड यांची गर्दी कशासाठी, ते उमगते. आणि आपल्या बोलीचे एक रूप तर असे आहे की पुस्तकी मराठीलाही त्याचा हेवा वाटावा. नागपुरी, वऱ्हाडी, झाडीच्या पट्ट्यात आपण म्हणतो, ‘घरी येजो’, ‘बाबाले सांगजो’. आणि मोठ्या माणसाला ‘येजा’, ‘सांगजा’. हे ‘ये’ नव्हे, ‘यावे’ही नव्हे. आत्ताच्या आत्ता नाही, सवडीने, तुम्हाला जमेल तेव्हा, पण या मात्र. हुकमाची धार नाही आणि विनंतीची लाचारी नाही. शाळेत ‘येजो’ म्हटले की मुले हसतात आणि शिक्षक ‘शुद्ध बोला’ म्हणतात. सूचनेचे जे रूप आपल्याजवळ सर्वांत नेमके होते, त्याचीच आपल्याला लाज वाटावयास लावली गेली.

येथे कोणी विचारील, इंग्रजी सूचनांची एवढी मातब्बरी कशाला? महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४ चा. कचेरीत मराठी चालते. खरे आहे. परंतु राज्यघटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदामुळे उच्च न्यायालयाचे, म्हणजे आपल्यासाठी नागपूर खंडपीठाचे, काम इंग्रजीत चालते. एखादी मोठी खाण किंवा कारखाना यावयाचा असेल, तर १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी होते आणि लोकांच्या सूचना व हरकती मागवतात. सारांश मराठीत मिळतो. सविस्तर अहवाल जाडजूड असतो आणि बहुधा इंग्रजीत. तो वाचून त्यातल्या अमुक पानावरील अमुक गोष्ट बदलावी असे सुचवावयाचे, तर वाचावे इंग्रजीत लागते. कोळसा, सिमेंट, लोहखनिज आणि जंगल एकाच ठिकाणी असलेल्या आपल्या जिल्ह्यांत हे काम अधूनमधून पडणारच. अशा सभेत ‘वी स्ट्राँगली अपोज’ किंवा ‘वी हंबली रिक्वेस्ट’, हुकूम तरी किंवा विनंती तरी, एवढे दोनच सूर लावता आले, तर अहवालातील एक ओळही हलणार नाही.

कायद्याच्या इंग्रजीत सूचनेच्या पायऱ्या किती बारकाईने कोरलेल्या असतात ते पाहा. १९९६ च्या पेसा कायद्यात भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरील पंचायतीशी ‘कन्सल्ट’ करावे असे आहे. म्हणजे विचारावयाचे, उत्तर मानलेच पाहिजे असे त्या शब्दात नाही. त्याच कायद्यात गौण खनिजांच्या खाणपट्ट्यापूर्वी ग्रामसभेचे किंवा पंचायतीचे ‘रेकमेंडेशन’ सक्तीचे केले आहे. शिफारस एरवी ऐच्छिक. पुढे ‘मँडेटरी’ शब्द बसताच ती वजनदार झाली. आणि २००६ च्या वनहक्क कायद्यात वन्यजीवांसाठी राखलेल्या क्षेत्रातून लोकांना हलवावयाचे असेल, तर ग्रामसभेचा मुक्त व माहितीपूर्ण ‘कन्सेंट’ लेखी हवा. विचारणे, शिफारस, संमती. तीन शब्द आणि गावाच्या तीन वेगवेगळ्या ताकदी. सभेत उभे राहून या तिन्हींना मराठीत सरसकट ‘गावाचे मत घेतील’ असे सांगणारा सुशिक्षित माणूस गावाचे किती नुकसान करतो! ‘शॅल’ आणि ‘मे’ यांची कथाही तीच; एकात बंधन, दुसऱ्यात मर्जी.

सूचना म्हणजे काय हे शिकावयास आपल्याला लंडनला जाण्याची गरज नाही. धानोरा रस्त्यावर मेंढा (लेखा) आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही तिथली घोषणा सर्वांना पाठ असते. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावेही ठाऊक असतात. २००९ मध्ये सुमारे १८०९ हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी येथे येऊन बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. मला त्याहून मोलाची वाटते ती तिथली एक व्यवस्था : अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात बाहेरचे जाणकारही बसतात, माहिती सांगतात, मते मांडतात. पण तेथे निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. शिकलेल्या माणसाला तेथे हुकूम सोडता येत नाही आणि त्याने पाया पडावे अशी कोणाची अपेक्षाही नसते. त्याने सुचवावे. ‘सजेस्ट’चे कर्म विचार असतो, माणूस नसतो, हे व्याकरण त्या गावाने प्रत्यक्ष चालवून दाखवले आहे.

आमच्या इंग्रजी विभागातील प्राध्यापकांचे म्हणणे मी ऐकले आहे. ते म्हणतात, मुलांना अजून ‘डिड’ नंतर ‘वेंट’ घालू नये हे कळत नाही, तेथे कुड आणि माइटच्या छटा कोणाला शिकवायच्या? अडचण खरी आहे. एकेका तुकडीत गोंडी, माडिया, तेलुगू, बंगाली, झाडी अशा घरांतून आलेली मुले असतात आणि कित्येकांना मराठीसुद्धा दुसरी भाषा. पण काळ आणि छटा या दोन वेगळ्या शिकवण्या आहेत, हेच मला मान्य नाही. ‘काय पाहिजे होतं?’ यावरून ‘कुड’ शिकवा. भूतकाळही त्याच फटक्यात येईल. ‘त्याने जावे’ यावरून ‘दॅट ही गो’ शिकवा. ‘जाऊ या’, ‘जाऊ द्या’ यावरून ‘लेट्स’ आणि ‘लेट अस’. गोंडी बोलणाऱ्या मुलाला विचारा, तुझ्याकडे हे कसे म्हणतात? त्याला निदान एका तासापुरते तरी वर्गाला काही सांगता येईल.

गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून आपले, आपल्या दोन जिल्ह्यांचे आहे. अभ्यासक्रम ठरवणे आपल्या हाती नाही, पण तोंडी परीक्षा आणि अंतर्गत चाचणी पुष्कळशी महाविद्यालयाच्या हाती असते. तेव्हा विभागापुढे एक गोष्ट ठेवतो. पुढील सत्रात एका चाचणीतून वाक्यरूपांतराचा प्रश्न काढून पाहावा आणि त्याऐवजी एक प्रसंग द्यावा : तुमच्या गावाजवळ खाण होणार आहे, अहवालात गावाच्या नाल्याचा उल्लेख नाही, तो यावा असे पाच इंग्रजी वाक्यांत सुचवा. यू शुड नको, हंबली नको. बिकॉज मात्र एकदा तरी हवा. गुण भाषेच्या शुद्धतेला निम्मे आणि सूराला निम्मे. असा प्रश्न का द्यावा याचे कारण वर सविस्तर दिलेच आहे. पटले नाही तर का पटले नाही ते पुढच्या अंकात वाचावयास मला आवडेल. सर, मॅडम, सवड झाली की पाहजा.